चोवीस क्रम

केणी आले तेव्हा त्यांच्या बाजारपिशवीत
चार हार्डडिस्क होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या,
पापलेटं आणावीत तशा.
रिकामा डबा भाच्याच्या काखेत.
"पोऱ्यान पुसून काढल्या. धूल व्हती.
आता कंची कुठं व्हती, ठाव नाय."

महापे, तिसरा मजला, गाळा तीनशे अकरा.
खाली ट्रक पिपाणी वाजवत मागे येतात,
वर मी काचेच्या पेटीत हात घालून बसते.

लाल दिवा गौरीपासून लुकलुकत होता.
स्टुडिओत झोपणाऱ्या पोराची झोप मोडते म्हणून
त्यावर चिकटपट्टी लावली.
एक गेली तरी चालतं, असं विकणाऱ्याने सांगितलेलं,
आणि चाललंही, तुळशीच्या लग्नापर्यंत.
मग दुसरी गेली.

चालत होतं हो, असं सगळेच सांगतात मला.

तिघांच्या बोलण्यावरून
चौथा काय म्हणाला असता ते काढता येतं,
एवढंच गणित आहे या डब्याचं.
दोघे गप्प झाले
की उरलेल्यांकडे फक्त आपापली बाजू.

गौरीत गेलेली शिळी, तिच्यानंतर दोन महिने लग्नं झाली.
तिला बाजूला ठेवली.
तुळशीत गेलेली टक्, टक्, टक्,
बंद दारावर बोटाने वाजवावं तशी.
तिच्याच कारखान्याची, तिच्याच महिन्याची एक जुळी
तुर्भ्याच्या भंगारात मिळाली, साडेसातशेला.
तिचं डोकं काढून हिला बसवलं.

नऊ रात्री वाचत होते.
आधी जे सहज देते ते.
मग अडेल तिथे थांबून, थोडं थोडं.
मग शेवटाकडून उलटं,
रुसलेल्या घरात मागच्या दाराने जावं तसं.

आणि मग क्रम.
चार जागा, चोवीस शक्यता,
आणि लेबलांवर भाच्याचा स्वच्छ ओला फडका फिरलेला.
केणींना बोलावलं. जुन्या निगेटिव्हवरून काढलेले फोटो,
दाबून लहान न केलेले, म्हणून चुकीच्या क्रमातही
आडवे पट्टे दिसतात, एकाखाली एक.
खुर्ची ओढून ते पडद्याला नाक लावून बसले.

"नाय. कपाल लक्षुबायचा, हनवटी तिची नाय."
पुढचा.
"ह्या बांगऱ्या कोपरीच्या नवरीच्या.
ह्यो हात तिच्या नणंदेचा."
पुढचा.
माझं सॉफ्टवेअर तोवर आकडे मोडत होतं.
सहाव्याला त्यांनी चहा नको म्हटलं.
अकराव्याला मी विचारलं, जेवलात का?
सतराव्याला ते काहीच बोलले नाहीत.

पडद्यावर घणसोलीचा बांध होता.
बांधावर डोळे बारीक करून उभी एक बाई,
तिच्या मागे भात, भाताच्या मागे खाडी,
खाडीच्या मागे काही नाही.
कपाळ, हनुवटी, हात, सगळं एकाच बाईचं.

अहवालाचा आकडा मीच वाचून दाखवला:
साडेसत्त्याऐंशी टक्के परत.
साडेबारा गेले.
केणी हसले ते खोकला येईपर्यंत.
"बाय, जमनीच्या येलेला
आमाला साडेबाराच मिलले व्हते.
बाकीचा सरकारनं ठेवला.
तू लय सोताची मानसं निघालीस."

बिलावर त्यांनी पाचशे कमी करायला लावले तरी.

जाताना एक फोटो परत उघडायला सांगितला.
एक माणूस: वर टोपी, खाली चिखलाचे पाय,
मधे करडा पट्टा, छातीपासून गुडघ्यापर्यंत.
हा येणार नाही, मी म्हटलं, त्या जागी डिस्क खरवडलीय.
"छाप तसाच. मधला माला ठाव हाय.
पांढरा सदरा, वरून दुसरा बटन तुटलेला.
आयेनं लाल दोऱ्यान शिवला व्हता,
त्यावरून दोगांचा भांडन."

मी यादीत त्या फाइलसमोर 'अपूर्ण' लिहिलं होतं.
तसंच राहू दिलं.
डब्यावरची चिकटपट्टी मात्र नखाने काढून टाकली.